शेजारच्या कागदावरचे दहा

बाई,

परवा रविवारी मी अगदी मधोमध दहा मारले, पण ते शेजारच्याच्या कागदावर. तुम्ही असतात तर आधी पदर तोंडाला लावून हसला असतात आणि मग म्हणाला असतात, "अरे, नेम उत्तम, पत्ता चुकला." तुमच्या आवाजातलं हे वाक्य मी मुलुंडहून घरी येताना मनात इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी तुम्हालाच लिहायला बसलो. बाकी कुणाला सांगायचं म्हटलं तर निम्मा वेळ नेमबाजी समजावण्यात जातो आणि उरलेला निम्मा कविता. दोन्ही एकाच वेळी कळणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच होतं.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, पार्ल्याच्या शाळेत नववीत तुम्ही आम्हाला मराठी शिकवायला होतात. नागरिकांना रायफल शिकवायचे वर्ग तेव्हा निघाले होते आणि शिक्षकांच्या खोलीतून नाव देणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकीचे सर म्हणे गालात हसले होते. रविवारी सकाळी अंधेरीच्या पलीकडे खाणीच्या खड्ड्यात तुम्ही आम्हा चारपाच मुलांना घेऊन जायचात. पदर कमरेला खोचून तुम्ही गोणपाटावर पालथ्या पडता, बांगड्या वर सारून मनगटावर रुमाल बांधता, आणि खड्ड्यातले दगड फोडणारे कामगार हातातलं काम थांबवून बघत राहतात, हे चित्र मला आजही जसंच्या तसं दिसतं. माझी कोपरं सोलवटायची म्हणून तुम्ही जुन्या गोधडीचे तुकडे कापून दोन गाद्या शिवून दिल्या होत्या. त्यातली एक अजून आहे. आता मी उभ्याने एअर पिस्तूल मारतो, कोपराचं काम उरलं नाही. पण टेबलावर पिस्तूल ठेवायचं ते त्या गादीवरच. क्लबमधली मुलं तिला 'काकांची रजई' म्हणतात.

आमचा क्लब म्हणजे मुलुंडला डोंगराच्या अंगाला एका औद्योगिक वसाहतीतला गाळा. पूर्वी तिथे छापखाना होता. दमट दिवसांत भिंतींना अजून शाईचा वास सुटतो आणि मला उगाचच पाठ्यपुस्तक नवं आल्यासारखं वाटतं. दहा मीटर अंतर, सहा मार्गिका, पलीकडे दिव्याखाली कागद. विजेवर चालणाऱ्या तारेवरून कागद पुढे-मागे जातो. नेमबाजी चालू असताना पंखे बंद, कारण कागद हलतो. आम्ही सगळे घामाने निथळत, गंभीर चेहऱ्याने उभे असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी शोकसभा चालली आहे.

तुमच्या वेळी स्पर्धा म्हणजे एक दिवस, एक चषक. जो जिंकला तो जिंकला, बाकीचे हात हलवत घरी. आता आमच्याकडे लीग असते, आणि ती तुम्हाला आवडली असती असं मला फार वाटतं, म्हणून नीट सांगतो. उपनगरांतले क्लब, प्रत्येकाचे एकदोन संघ. संघात तिघं. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाची सरासरी बघतात, तिघांची बेरीज करतात आणि जवळपासच्या बेरजेचे संघ एका फळीत घालतात. म्हणजे वाघ वाघांशी खेळतात आणि आमच्यासारखी मांजरं मांजरांशी. मग दर पंधरवड्याला एक फेरी. गंमत अशी की प्रतिस्पर्धी समोर नसतो. अंधेरीवाले अंधेरीत मारतात, आम्ही मुलुंडमध्ये. शेजारी एक साक्षीदार बसतो, कागदावर सही करतो, आणि ते कागद घाटकोपरला एका गृहस्थांकडे जातात. त्यांना आम्ही पंच म्हणतो. ते भिंग लावून भोकं मोजतात आणि कोण जिंकलं ते कळवतात. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. न पाहिलेल्या माणसाशी दोन आठवडे लढायचं. हे थोडंसं पत्र लिहिण्यासारखंच आहे.

तिघांचेही गुण धरतात, कुणाचे वाईट म्हणून सोडून देत नाहीत. सगळी गोम इथे आहे. एकाचा हात थरथरला तर उरलेल्या दोघांनी सावरायचं. एक राखीव खेळाडू ठेवता येतो, पण तो एकदा उतरला की ज्याच्या जागी उतरला त्याला त्या हंगामात परत येता येत नाही. शेवटची फेरी तेवढी समोरासमोर, एकाच हॉलमध्ये, एक मार्गिका आमची, एक त्यांची, अशा आलटून पालटून. आणि शेवटी जो संघ तळाला राहतो तो खालच्या फळीत जातो, खालचा पहिला वर येतो.

या हंगामात तळाला आम्ही आणि बोरीवलीवाले होतो. आम्ही एका गुणाने पुढे. शेवटची फेरी आमच्या दोघांतच, आमच्याच हॉलमध्ये. आम्हाला बरोबरी झाली तरी चालणार होतं, त्यांना जिंकणं भाग होतं. आणि आमच्या संघात मागच्या चार फेऱ्या सगळ्यात कमी गुण कुणाचे, तर माझे.

आमची कप्तान अंधेरीला विमा कंपनीत काम करते. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, तोंडाने फटकळ, मनाने बरी. शेवटच्या फेरीच्या आदल्या आठवड्यात तिने मला चहाच्या टपरीवर बाजूला घेतलं.

"काका, सरळ बोलू ना? रागावू नका."

"बोल."

"राखीवमधली आपली फिजिओ तुमच्यापेक्षा बरं मारतेय सध्या. तुम्हालाही माहितीये. मी तुम्हाला काढणार नाही, मला ते जमणारच नाही यार. पण तुम्ही स्वतः म्हणालात तर मी तिला घेईन."

फिजिओ म्हणजे घाटकोपरची एक फिजिओथेरपिस्ट. गेल्या पावसाळ्यात माझा खांदा तिनेच मोकळा करून दिला, एक पैसा न घेता. तिच्या जागेवर मी बसून राहिलो आहे हे मला कळत होतं. पण बाई, माझ्या वयाला एका हंगामातून बाहेर पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी हाताच्या थरथरीला एक इंग्रजी नाव दिलेलं. एकदा पिस्तूल खाली ठेवलं की पुढच्या हंगामात परत उचलेनच असं कोण सांगणार.

आमच्या संघातला तिसरा माझा जुना मित्र. मूळचा मालवणकडचा, सारं आयुष्य मुंबईत बस चालवली. तो बाकड्यावर बसून सगळं ऐकत होता. कप्तान गेल्यावर म्हणाला, "गप रव रे. हंगाम संपांदे, मगे काय ता बघूया."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. माझ्या बशीत कधी कोण म्हातारो चढलो म्हणून मी तेका उतरवलंय काय?"

मी कप्तानला फोन केला आणि म्हटलं, मी खेळतो. ती फक्त "ओके काका" म्हणाली. त्या 'ओके'त किती काय होतं ते मी मोजत बसलो नाही.

आता तुम्हाला सांगायचं होतं ते यापुढे येतं.

तुम्ही मला नेम शिकवला तो कवितेतून. त्या काळी मी धाप लागल्यासारखा कविता म्हणायचो. एकदा वर्गात तुम्ही मला मध्येच थांबवलंत, "अरे, तुझ्यामागे कुत्रं लागलंय का? यती कुठाय? ओळीत थांबायचं कुठे?" सगळा वर्ग हसला. मग रविवारी खाणीत तेच. मी चाप ओढायची घाई करायचो, गोळी मातीत. तेव्हा तुम्ही गोणपाटाशेजारी उकिडव्या बसून चार ओळी रचल्यात, तिथल्या तिथे, मंदाक्रांता वृत्तात. पहिल्या चार अक्षरांत नळी वर. मग यती. पुढच्या सहा अक्षरांत श्वास हळूहळू सोडायचा. पुन्हा यती, आणि त्या यतीच्या रिकाम्या जागेत चाप. उरलेली सात अक्षरं गोळी गेल्यावरसुद्धा संपेपर्यंत म्हणायची, मध्येच मान उचलायची नाही. "ओळ पुरी झाल्याशिवाय बघायचं नाही," तुम्ही म्हणायचात. "गोळी सुटली म्हणून कविता संपत नाही."

आणि दुसरं शिकवलंत ते तुमच्या स्वयंपाकघरात. पाठांतर घ्यायला बोलावलं होतंत. तव्यावर थालीपीठ, वर झाकण, मी ओट्याला टेकून ओळी म्हणतोय. तुम्ही झाकण काढायच्या आधी म्हणालात, "डाव्या कडेला लागलंय." उलटलंत तर खरंच डावीकडे काळा डाग. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणालात, "करणाऱ्याला आधी कळतं. गोळी सुटली की कागद बघायच्या आत सांगायचं, कुठे गेली. रोज सांगायचं. चुकलं तरी सांगायचं." मग ते करपलेलं थालीपीठ तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलंत आणि मला दुसरं वाढलंत, वर लोण्याचा गोळा.

तेव्हापासून मी आधी सांगतो. आमच्या क्लबात सगळ्यांना ती सवय मी लावली. दर गोळीनंतर पुटपुटतात सगळे, "नऊ, वर," "आठ, उजवीकडे." माझे ओठ मात्र गोळीच्या आधीही हलतात. काका कविता म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि नव्या माणसाला ते कौतुकाने सांगतात.

रविवारी माझ्या शेजारच्या मार्गिकेत बोरीवलीचा एक गृहस्थ होता, माझ्याच वयाचा, औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेला. कागद लावताना आम्ही एकमेकांची चौकशी केली, म्हणजे गुडघे कसे, डोळे कसे.

"तुमचे झाले का दोन्ही?" त्याने डोळ्यांकडे बोट केलं.

"एक झाला. दुसरा पिकतोय."

"माझे दोन्ही झाले. आता सगळं लख्ख दिसतं. नेम मात्र आधी अंधुक दिसायचं तेव्हा बरा होता." आणि तो मनापासून हसला. मग म्हणाला, "ओठ काय हलवता हो? मंत्र आहे?"

"कविता आहे."

"वा. झाल्यावर ऐकवा."

समोरासमोरच्या फेरीत एका कागदावर एकच गोळी मारायची, म्हणजे मोजणीत वाद नको. अर्धा सामना होईपर्यंत मी ठीक होतो. फार चांगला नाही, पण माझ्या सरासरीच्या वर. कप्तान मागून जाताना पाठीवर हलकी थाप मारून गेली. मालवणी मित्र नेहमीप्रमाणे अगदी शांत, जणू रिकाम्या रस्त्यावर बस चालवतो आहे. मला वाटलं, निघेल हा दिवस.

शेवटच्या काही गोळ्या उरल्या होत्या. मी हात उचलला. पहिली चार अक्षरं, यती, सहा अक्षरं, यती. हात असा स्थिर झाला की मला स्वतःलाच नवल वाटलं. चाप कधी सुटला कळलंही नाही. सात अक्षरं पुरी केली आणि मी म्हटलं, "दहा. मधोमध." कागद मागे बोलावला. कोरा. एक ओरखडासुद्धा नाही.

शेजारच्याने त्याचा कागद आणला होता आणि तो त्याकडे टक लावून बघत होता. एकाच कागदावर दोन भोकं. एक खाली डावीकडे आठात. एक मधोमध.

पंच आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही कागद दिव्याखाली धरले. मग मला म्हणाले, "काका, तुमचं शून्य. याला इलाज नाही." नियम मला पाठ होता. दुसऱ्याच्या कागदावर मारलेली गोळी मारणाऱ्याला शून्य देते. मग ते बोरीवलीकराकडे वळले. "तुमच्या कागदावर दोन. तुमची कुठली हे ओळखता येत नसेल तर नियमाप्रमाणे वरचा आकडा तुमचा. दहा."

बोरीवलीची कप्तान मागे उभी होती, ती लगेच म्हणाली, "हां, दहा. लिहा."

"थांबा," शेजारी म्हणाला. "ओळखता येते ना. माझी आठ आहे."

"अहो काका!" त्यांची कप्तान जवळजवळ ओरडलीच. "नियम आहे तो! आपण काय मागून घेतोय का?"

"सुटली तेव्हाच मला कळलं, खाली गेली. एवढी वर्षं मारतोय, मला माझी गोळी कळणार नाही?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि ही यांची. एवढी सुंदर गोळी मी कधी मारत नाही. मला कसली शोभतेय ती."

पंचांनी आठ लिहिले. बाई, त्या क्षणी मला तुमचं करपलेलं थालीपीठ आठवलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

आम्ही चार गुणांनी हरलो. ते दहा माझ्या कागदावर पडले असते तर सहा गुणांनी जिंकलो असतो. बेरीज फळ्यावर लिहिली होती, सगळ्यांना दिसत होती, आणि कुणीही ती मोठ्याने वाचली नाही. फिजिओने माझा खांदा दाबून बघितला आणि म्हणाली, "काका, खांदा एकदम झकास आहे हं." तिला एवढंच सुचलं असेल. मग मालवणी मित्र उठला, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "खाली गेलो तर काय झाला? थयसर पण दहाक दहाच म्हणतत." त्यावर कप्तान हसली, डोळे पुसले आणि मला विचारलं, "काका, चष्म्याचं काय झालं? नंबर बदललाय का?"

"बदलला असेल," मी म्हटलं.

नंतर चहा आला. बोरीवलीकर माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसला. "आता ऐकवा कविता," तो म्हणाला. मी पेला हातात घेतला, तोंड उघडलं आणि थांबलो. मग म्हटलं, "पुढच्या वेळी. चहा गार होतोय." त्याने आग्रह केला नाही. भला माणूस.

तर बाई, गोष्ट अशी आहे. चष्मा ठीक आहे. तुमच्या त्या चार ओळी मला आठवत नाहीत. कधीपासून आठवत नाहीत तेही सांगता येणार नाही. आधी चौथी गेली असेल, मग तिसरी, जशी माणसं घरातून एकेक करून जातात. पहिलीतला एक शब्द अलीकडेपर्यंत टिकून होता. रविवारी हात उचलताना तो जागेवर नव्हता, मी त्याला शोधत गेलो, आणि शोधता शोधता नजर शेजारच्या दिव्यावर जाऊन टेकली. त्या ओळी कुठल्याच पुस्तकात नाहीत. तुम्ही कागदावरही लिहिल्या नव्हत्या. "लिहून घेतलंस तर म्हणणार नाहीस," असं म्हणाला होतात. त्या खाणीच्या जागी आता इमारती आहेत. बरोबरची मुलं कुठे आहेत मला माहीत नाही. तुम्ही गेल्याचं मला कळलं तेसुद्धा फार उशिरा, पार्ल्याच्या बाजारात कुणाच्या तरी बोलण्यातून. म्हणजे त्या ओळी माझ्याकडे होत्या, आणि आता माझ्याकडेही नाहीत.

उरलं आहे ते एवढंच. गागागागा, लललललगा, गालगागालगागा. शब्द नसलेली ओळ. ओठ हलतात ते या अक्षरांवर. काका कविता म्हणतात असं मुलं सांगतात तेव्हा मी मान डोलावतो.

लीगची मात्र एक गोष्ट चांगली आहे, ती तुम्हाला सांगायची राहिली. इथे बाद होत नाहीत, खाली उतरतात. पुढच्या हंगामासाठी सरासऱ्या नव्याने मांडल्या, त्यात फिजिओ आमच्या क्लबच्या पहिल्या संघात गेली, तिथे ती शोभेल. आणि माझी आताची सरासरी खालच्या फळीत अगदी मधोमध बसते. पंचांनी कप्तानला फोनवर तसं सांगितलं म्हणे, "काकांसाठी ही फळी मापाची आहे." शिंप्याने कपडा अंगावर लावून बघावा तसं. कप्तानचा काल निरोप आला, नावं द्यायची आहेत, तुमचं घालू ना? मी रात्रभर उत्तर दिलं नाही. मला वाटत होतं, ओळी नाहीत तर कशाच्या जोरावर उभं राहायचं.

आज सकाळी गच्चीवर जाऊन रिकाम्या हाताने करून बघितलं. हात वर, चार अक्षरं. श्वास, सहा अक्षरं. आणि तिथे, दुसऱ्या यतीशी, हात आपोआप थांबला. थरथर तेवढ्यापुरती गेली होती. पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा माझ्याकडे बघत होता. मी सात अक्षरं पुरी होईपर्यंत मान वळवली नाही.

खाली येऊन कप्तानला कळवलं, घाल नाव. फक्त या वेळी मार्गिकेचा आकडा लाल रंगाने मोठा करून घे म्हटलं. तिने अंगठा पाठवला आणि मागोमाग लिहिलं, "चष्मा पण दाखवून घ्या काका." मी हो म्हटलं आहे. खरं कारण कुणाला सांगणार नाही. बोरीवलीच्या त्या गृहस्थालाही पुढच्या वेळी मी दुसरीच एखादी कविता म्हणून दाखवीन, शाळेतली, सगळ्यांना येते अशी.

हे पत्र त्या गोधडीच्या गादीखाली ठेवतो. तुमचे शब्द माझ्याकडून हरवले, बाई. तुम्ही थांबायला सांगितलं होतंत ती जागा तेवढी अजून सापडते.